हा पोट्टा एखाद दिवशी कांड करन!

आपल्याकडे हा निकाल पानठेल्यावर लागतो. पोट्टा बाईकचा सायलेन्सर काढून चौकातून दोन चकरा मारतो, केस रंगवलेले, हातात कडं, की खर्रा घोटता घोटता कोणीतरी काका मान हलवून सांगतात, "हा एखाद दिवशी कांड करन, लिहून ठेव." अन् कधी खरंच कुठं चाकू निघाला, बातमी आली, की तेच काका, "मी तं आधीच म्हटलं होतं बाप्पा." पण ज्या पन्नास पोट्ट्यांबद्दल हेच म्हटलं अन् काहीच झालं नाही, त्यातले कोणी पुण्यात कंपनीत लागले, कोणी घरची संत्र्याची बाग पाहतात, त्यांचा हिशोब काका ठेवत नाहीत. सगळी गोम तिथंच आहे.

मी शाळा-कॉलेजातल्या पोरांसोबत काउन्सेलिंगचं काम करतो, यवतमाळ-अमरावती पट्ट्यात. मुख्याध्यापक विचारतात, पोलीस पाटील विचारतात, कधी कधी स्वतःची आई विचारते: सर, हा डेंजर आहे का ते तेवढं सांगा. लोकांना वाटतं मानसशास्त्रात काहीतरी टेस्ट असते, पोट्ट्याला बसवलं, शंभर प्रश्न विचारले की आतला गुन्हेगार बाहेर येतो. अशी टेस्ट जगात नाही. जे आहे ते वेगळं आहे, त्याला रिस्क असेसमेंट म्हणतात, म्हणजे हिंसेचा धोका किती अन् कशाकशामुळे ते तपासणं, अन् ते नीट समजून घेतलं तर कामाचं आहे.

आधी थोडं गणित, कंटाळू नका. समजा तालुक्यातली १५ ते १८ वयाची १००० पोरं घेतली अन् धरून चाललो की त्यातली २० पुढच्या दोन वर्षात कोणाला तरी गंभीर मारतील (आकडे समजावण्यापुरते आहेत, खरे नाहीत). आता एक टेस्ट आणली जी ८० टक्के वेळा बरोबर सांगते, म्हणजे चांगलीच म्हणायची. ती २० पैकी १६ पकडेल. पण उरलेली ९८० पोरं जी काहीच करणार नाहीत, त्यातल्या २० टक्क्यांवर पण ती चुकून बोट ठेवेल, म्हणजे १९६ पोरं. झाले एकूण २१२ "डेंजर", त्यात खरे १६. तेरा-चौदा पोरांत एक! बाकीच्यांच्या कपाळावर फुकटचा शिक्का. टेस्ट वाईट आहे म्हणून नाही होत हे, मुळात गंभीर हिंसा करणारे थोडे असतात म्हणून होतं, अन् जी गोष्ट कमी घडते तिचा अंदाज काढताना असंच होणार, मग मशीन असो की ठाणेदार असो की मी.

खऱ्या अभ्यासातही तसंच दिसतं. २०१२ मध्ये सीना फझल अन् त्यांच्या सोबतच्यांनी वेगवेगळ्या देशांतले ७३ गट, मिळून २४,८२७ लोक, यांचा एकत्र हिशोब लावला, यांच्यावर आधी रिस्क असेसमेंट झालेलं होतं. ज्यांना मध्यम किंवा जास्त धोक्याचं म्हटलं होतं त्यातल्या ४१ टक्के लोकांनी पुढे हिंसा केली. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांबद्दल ती भीती खरी ठरलीच नाही. उलट ज्यांना कमी धोक्याचं म्हटलं, त्यातले ९१ टक्के शांत राहिले. एका वाक्यात सांगायचं तर ही साधनं "हा करणार नाही" हे बऱ्यापैकी सांगतात, "हा करणारच" हे सांगायला कच्ची आहेत. अन् आपण नेमकं उलटं मागतो त्यांना.

मग ही साधनं वापरायची कशाला? कारण नुसत्या अंदाजापेक्षा ती बरी. पॉल मेहल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच दाखवून दिलं होतं की तज्ज्ञाच्या "मला वाटतं" पेक्षा साधा ठरलेला हिशोब बहुतेक वेळा तेवढाच किंवा जास्त बरोबर निघतो. तज्ज्ञाला वाईट वाटलं असेल पण तसंच आहे. नुसत्या स्कोअरची अडचण वेगळी, तो समोरचा माणूस पाहतच नाही, त्या पोराचा बाप मागच्या महिन्यात वारला हे त्याला माहीत नसतं. म्हणून मधला रस्ता निघाला: प्रश्न ठरलेले, एकही सोडायचा नाही, पण शेवटचा विचार माणसाने करायचा.

किशोरवयीन पोरांसाठी असं जे साधन जास्त वापरतात त्याचं नाव सॅव्हरी. रँडी बोरम, पॅट्रिक बार्टेल अन् अ‍ॅडेल फोर्थ यांनी बनवलेलं, १२ ते १८ वयासाठी. त्यात धोका वाढवणाऱ्या २४ गोष्टी आहेत अन् धोका कमी करणाऱ्या ६. गंमत म्हणजे बेरीज करून पास-नापास असं काही नाही, प्रत्येक गोष्ट पोराशी बोलून, घरच्यांशी, शाळेशी बोलून, कागद पाहून तपासायची अन् शेवटी कमी, मध्यम किंवा जास्त एवढंच म्हणायचं, तेही कारणासहित.

त्या २४ मधल्या दहा मागच्या आयुष्याच्या: आधी मारामारी केली का अन् किती लहान वयात सुरू झाली, घरात मारहाण पाहिली का, स्वतः मार खाल्ला का, लहानपणीच आई-बापापासून तुटला का, स्वतःला इजा करून घेतली का वगैरे. सहा आजूबाजूच्या: दोस्त कसे, का दोस्तांनी वाळीतच टाकलं, घरचं लक्ष किती, ताण आला की काय करतो, आधाराला कोणी आहे का, वस्ती कशी. अन् आठ स्वतःच्या: राग, नशा, घाई, दुसऱ्याचं दुःख कळतं की नाही, शाळेत जीव आहे की नाही, अशा.

आता हे आपल्या गावात आणून पहा. "लहानपणी आई-बापापासून तुटला" हा प्रश्न लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर कॅनडा-अमेरिकेतलं घर असेल, आपल्याकडे त्याचा अर्थ बापाने पऱ्हाटीवर मारायचं औषध घेतलं अन् कर्जाचा कागद मागे ठेवला असा होतो, किंवा आई-बाप सहा महिने वीटभट्टीवर अन् पोट्टा आजीजवळ. "नशा" म्हटलं की वर्ध्यात १९७० च्या दशकापासून अन् गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे म्हणून तिथं प्रश्नच नाही असं कोणी समजू नये, पोट्ट्याला विचारा, बाटली कुठं भेटते ते तो घड्याळाच्या टायमासकट सांगेल. अन् खर्रा? खर्रा खाणं म्हणजे हिंसेची खूण नाही हो, नाहीतर अर्धा विदर्भ हाय रिस्कमध्ये जाईल. तोंडाच्या कॅन्सरची गोष्ट वेगळी.

सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते हे, की या यादीत दोन जातीच्या गोष्टी आहेत. काही बदलतच नाहीत, झालं ते झालं, सहाव्या वर्षी बापाने पट्ट्याने मारलं ते आता पुसता येत नाही. अन् काही बदलतात: नशा, संगत, घरचं लक्ष, शाळा. चांगला असेसमेंट करणारा दुसऱ्या ढिगावर जास्त वेळ घालवतो. माती परीक्षणाचा कागद आठवा, त्यात एकरी किती क्विंटल होईल ते लिहिलेलं नसतं, झिंक कमी आहे, पालाश बरं आहे, एवढं टाका, असं लिहिलेलं असतं. रिस्क असेसमेंटचा कागद तसाच वाचायचा असतो. पण आपल्याकडे कोणाला कागद दिला की पहिला प्रश्न, "मंग सर, करन का नाय करन?"

दोन पोरं घेऊ, नावं अन् गोष्ट दोन्ही मनाची.

गोलू, १७ वर्षांचा. पोळ्याच्या करीला दारू पिऊन भांडला, बाटली फोडली, एकाला चार टाके पडले. दहावीनंतर शिक्षण सोडलं. चार टवाळ दोस्त. गावात विचारलं तर सगळे म्हणतील हाच तो. पण खोलात गेलं तर दिसतं की सोळाव्या वर्षापर्यंत एक भांडण नाही, मामाच्या ट्रॅक्टरवर रोज कामाला जातो, कबड्डीच्या टीममध्ये आहे, मामाने डोळे वटारले की गप बसतो, अन् ज्याला टाके पडले त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी स्वतः गेला होता. एकटा असला की गरीब गाय, चौघं जमले की अंगात येतं. हे पण नवल नाही, २००५ मध्ये गार्डनर अन् स्टाइनबर्ग यांनी पोरांना गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमवर बसवलं होतं, किशोरवयीन पोरं दोस्त बाजूला बसले की एकट्यापेक्षा कितीतरी जास्त जोखीम घ्यायची, मोठ्या माणसांत तो फरक जवळपास नव्हताच.

न्यूझीलंडच्या डनेडिन गावात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर लेकरांचा जन्मापासून मागोवा घेतात, अजूनही घेतात. त्या अभ्यासावर काम करणाऱ्या टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं की पोरांचे दोन गट पडतात: बहुतेक जण किशोरवयात उंडारतात अन् वय वाढलं की आपोआप सुधरतात, अन् एक लहानसा गट बालवाडीपासूनच मारका असतो अन् पुढेही तसाच राहतो. गोलू पहिल्या गटातला दिसतो. लग्न, काम, पोरगं, अन् तिशीत हाच गणपती मंडळाचा अध्यक्ष!

आता निलेश, १६ वर्षांचा. शांत, पुढच्या बेंचवर बसतो, मास्तरांना आवडतो. चौथीत असताना एका पोराच्या डोक्यात दगड घातला होता पण ते सगळे विसरले. तो नऊ वर्षांचा असताना बाप गेला, फवारणीचं औषध घेऊन, वर लिहिलं तसंच. आई दिवसभर मजुरीला. मागच्या वर्षी हातावर ब्लेड मारून घेतलं, आईने बाहीच्या शर्टाने झाकून नेलं. वर्गातल्या तिघांनी त्याचा रडतानाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, तेव्हापासून त्याला एक नाव पडलंय, ते नाव घेतलं की सगळे हसतात. अन् महिन्याभरापूर्वी तो एका दोस्ताला म्हणाला, "गॅदरिंगच्या दिवशी पाहजो फक्त." दोस्ताला वाटलं डान्स बसवला असेल.

मला आधी कोणाजवळ बसायचं विचाराल तर निलेशजवळ, अन् आजच. याचा अर्थ निलेश खुनी होणार असा नाही, कृपा करून तसं वाचू नका. तो दुसऱ्याला काही करण्याआधी स्वतःलाच करेल ही शक्यता तेवढीच मोठी आहे, सॅव्हरीत स्वतःला इजा करून घेतल्याचा प्रश्न आहे तो उगाच नाही. पण गावाचं बोट गोलूकडे अन् निलेश सगळ्यांच्या नजरेआड, हे होतं.

"पाहजो फक्त" यावर थोडं थांबू. अमेरिकेत शाळेत गोळीबार करणाऱ्या पोरांचा तिथल्या सिक्रेट सर्व्हिसने अन् शिक्षण खात्याने मिळून अभ्यास केला, २००२ मध्ये आला, १९७४ ते २००० मधल्या ३७ घटना अन् ४१ हल्लेखोर. दोन गोष्टी निघाल्या. एक, हल्ला करणाऱ्या पोराचा काही ठरलेला साचा नसतो, हुशार होते, ढ होते, एकलकोंडे होते, दोस्तांत रमणारे पण होते. दोन, ८१ टक्के घटनांत निदान एकाला तरी आधी माहीत होतं, अन् तो एक बहुतेक वेळा बरोबरीचाच पोरगा. आपल्याकडे बंदुका तशा नाहीत, घटनाही वेगळ्या, पण पोरं पोरांनाच सांगतात हे इथंही तेवढंच खरं. म्हणून शाळेत सीसीटीव्ही लावण्यापेक्षा एक मास्तर किंवा मॅडम अशी पाहिजे जिच्याकडे पोट्टा येऊन सांगेल अन् त्याला कोणी चुगलखोर म्हणणार नाही.

धमकी ऐकली की मग तपासायचं काय? रागात तोंडातून निघालेली अन् ठरवून दिलेली, दोन्ही वेगळ्या. "तुले जित्ता सोडत नाय" हे आपल्याकडे क्रिकेटमध्ये नो-बॉलवरून पण म्हणतात, राग उतरला, हात मिळवला, संपलं. काळजी तेव्हा, जेव्हा त्यात नाव आहे, दिवस आहे, जागा आहे, अन् बोलण्याच्या पुढे काही पाऊल पडलंय. घरात कुऱ्हाड, विळा, फवारणीचं औषध असणं ही काही खूण नाही, ते कोणाच्या घरी नसतं? खूण ही की विळा गोठ्यातून शाळेच्या दप्तरात आला. दिवस दिवस राग मुरतोय, नेहमीच्या वस्तू वाटून टाकतोय, त्या एका पोराच्या येण्याजाण्याची वेळ विचारतोय, असं काही.

आता कायद्याचं, कारण इथं फार गोंधळ आहे. बाल न्याय कायदा २०१५ चा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू. २०१२ च्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर जो राग उसळला त्यातून त्यात कलम १५ आलं: पोरगा १६ ते १८ मधला अन् गुन्हा क्रूर असेल, म्हणजे ज्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं अन् मोठ्यांसारखा खटला चालवायला त्याला बाल न्यायालयाकडे पाठवायचं का ते ठरवतं. लोक याला रिस्क असेसमेंट समजतात. नाहीये. तिथं प्रश्न मागचा आहे: तो गुन्हा करायची त्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती. पुढे तो कोणाला मारेल का हा प्रश्न त्या कलमात नाहीच, अन् त्याने गुन्हा केला की नाही हेही तिथं ठरत नाही. हे काम नाजूक आहे, मंडळात बाल मानसशास्त्र जाणणारं कोणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय.

ज्याला आपलं रिस्क असेसमेंट म्हणता येईल तो कागद वेगळाच आहे, त्याकडे कोणी बघत नाही: प्रोबेशन ऑफिसरचा सामाजिक तपासणी अहवाल. दोन आठवड्यात द्यायचा असतो. घर, शाळा, दोस्त, सवयी, मारहाण, सगळं त्यात विचारलेलं आहे. नीट भरला तर सोनं. पण एका माणसाकडे अख्खा जिल्हा असला, गाव ऐंशी किलोमीटर, एसटी दिवसातून दोनदा, की "मुलगा वाईट संगतीत आहे, कौटुंबिक परिस्थिती हलाखीची" या दोन ओळी सगळ्याच अहवालांत दिसायला लागतात. मला त्या माणसावर राग नाही येत, त्या दोन ओळींवर येतो, कारण कोणत्या पोराबद्दल आहेत तेच कळत नाही.

अन् "वस्ती कशी" या प्रश्नाबद्दल मला भीती वाटते ती स्पष्ट लिहितो. आपल्या देशात जन्मावरून धोका ठरवायचा कायदाच होता, १८७१ चा, इंग्रजांचा, जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार, हजेरी लावा, परवानगीशिवाय हलू नका. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या. पण आजही कुठं चोरी झाली की गाडी आधी पारधी बेड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर जाते. आता त्या बेड्यावरचं पोरगं असेसमेंटला बसलं तर फॉर्ममध्ये काय येईल? पोलिसांशी आधी संबंध: होय. नातेवाईकांवर गुन्हे: होय. शाळा सुटली: होय. सगळे होय आपणच तयार केलेले अन् आता आकड्याच्या कपड्यात परत त्याच्याच अंगावर. म्हणून पोलिसांनी उचललं होतं का एवढं विचारून थांबायचं नाही, त्याने स्वतः काय केलं ते विचारायचं. अन् धोका कमी करणाऱ्या त्या ६ गोष्टी तेवढ्याच मन लावून भरायच्या, त्या रकान्यावर माझ्या अनुभवात लोक फक्त रेघ मारतात.

मग करायचं काय पोट्ट्याचं? आपल्याकडचा हुकमी उपाय म्हणजे "ठाणेदार साहेबाले सांगून दोन फटके द्यायले लावा, भेव बसते." अमेरिकेत १९७० च्या दशकात याचाच मोठा भाऊ निघाला होता, पोरांना जेलमध्ये नेऊन कैद्यांकडून दम द्यायचा. नंतर सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तर काहीच न केलेल्या पोरांपेक्षा जेल पाहून आलेल्या पोरांनीच जास्त गुन्हे केले. दुसरी चूक, गोलूसारख्या पोरांना खऱ्या मुरलेल्या पोरांसोबत एकाच ठिकाणी कोंबणं, कमी धोक्याचं पोरगं तिथून ट्रेनिंग घेऊन येतं. जे चालतं ते कंटाळवाणं आहे: घरच्यांसोबत काम, आईला बापाला आरडाओरड न करता लक्ष ठेवायला शिकवणं, नशा असेल तर त्याचा इलाज, शाळेत किंवा कामावर परत बसवणं, अन् दोन-तीन महिन्यांनी परत सगळे प्रश्न नव्याने विचारणं, कारण असेसमेंट शिळं होतं. गोलूचं मागच्या पोळ्याचं असेसमेंट या पोळ्याला वापरू नका.

शाळेवाल्यांना, पोलीस पाटलांना कामाचं: १०९८ हा लेकरांसाठीचा नंबर आहे, १४४१६ वर टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिथं मराठीत बोलतात, निलेशसारख्याच्या आईने पण लावावा. जीवावर बेतलं असेल तर सरळ ११२. प्रत्येक पोलीस स्टेशनला एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, नाव विचारून ठेवा. पोराला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, २४ तासांत मंडळासमोर न्यावं लागतं.

पोलीस भरतीच्या तयारीवाली पोरं एक हमखास विचारतात, सर लहानपणीची केस निघाली तर भरतीतून बाहेर काय? कलम २४ पहा, बाल न्याय मंडळाने निकाली काढलेल्या प्रकरणाची अपात्रता पुढे चिकटत नाही, रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. सोळा वर्षांवरच्या पोराला बाल न्यायालयाने मोठ्यांसारखा खटला चालवून दोषी धरलं असेल तर मात्र ही सूट नाही. फॉर्म भरताना मनाने काही लिहू नका, तालुक्याच्या विधी सेवा समितीत फुकट वकील मिळतो, त्याला विचारा.

अन् व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांसाठी. मारामारी झाली की पोट्ट्याचा फोटो, नाव, गाव, बापाचं नाव सगळं दहा मिनिटांत ग्रुपवर येतं. १८ च्या आतल्या पोराची ओळख कुठल्याही मार्गाने उघड करणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अन् फॉरवर्ड करणाऱ्याला पण "मले दुसऱ्या ग्रुपवरून आला होता" म्हणून सुटता येत नाही.